दोनशे बारावी ओळ

सोमवारी सकाळी आत्यानं कॉम्प्युटरचं गोल बटण अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा आतला पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. झोपलेल्या माणसानं हाक ऐकून नुसती कूस बदलावी, तसं. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. पडदा काळा तो काळाच.

मग तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. काम होत नसताना बटण चालू ठेवणं म्हणजे या घरात नानाला आमंत्रण.

नाना तिचा थोरला भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. नोकरीतून सुटल्यापासून त्यानं एकच काम मनापासून धरलं होतं: घरभर फिरायचं आणि दिसेल ते चालू बटण बंद करायचं. सून शर्टाची एक बाही इस्त्री करून दुसरी पसरत असली, तर तेवढ्यात नाना इस्त्री बंद करून गेलेला असे. एकदा तर ती न्हाणीघरात असताना त्यानं दिवा घालवला होता आणि आतून आरडाओरडा झाल्यावर "कोण आहे आत?" असं शांतपणे विचारलं होतं. त्याच्या धाकानं घरातल्या सगळ्यांना एक सवय लागली होती. काम थांबलं की हात आपोआप भिंतीकडे जायचा.

कॉम्प्युटर बावीस वर्षांचा होता. आणला तेव्हा सायीच्या रंगाचा होता, आता चहा सांडलेल्या कागदासारखा झाला होता. त्याच्या पाठीतून एक जाड केबल निघून शेजारच्या लांब टेबलावरच्या विणायच्या यंत्रात शिरत होती. सहा फुटी यंत्र, दीडशे सुया, आणि त्यावरून डावीउजवीकडे सरकवायची एक गाडी. कोणत्या ओळीत कोणत्या सुयांनी कोणत्या रंगाचा धागा घ्यायचा, हे कॉम्प्युटर यंत्राला सांगे. एक ओळ झाली की तो टुक् असा आवाज करी आणि आत्या गाडी परत फिरवी. त्या केबलचं कार्ड बसेल असा कॉम्प्युटर आता कुणी बनवत नव्हतं. नवे कॉम्प्युटर त्या कार्डाकडे बघायलासुद्धा तयार नव्हते.

आणि यंत्रावर, सुयांना लटकलेलं, अर्धवट विणलेलं एक पांघरूण होतं.

या घरात मूल जन्माला आलं की दवाखान्यातून घरी येताना दारातच त्याला आत्यानं विणलेलं पांघरूण गुंडाळत. आतापर्यंत नऊ मुलं तशी आत आली होती. पांघरुणात पंधरा घरं असत. चौदा घरांत घरच्या चौदा माणसांनी कॉम्प्युटरवर टिंब टिंब जोडून काढलेली चित्रं, आणि मधलं पंधरावं घर कोरं. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की सुईदोरा घेऊन त्या कोऱ्या घरात स्वतःचं काहीतरी वेडंवाकडं भरे. मग ते पांघरूण पुरं झालं असं मानत.

या खेपेला पांघरूण नानाच्या लेकीच्या बाळासाठी होतं, म्हणजे आत्याच्या भाचीच्या बाळासाठी. ती वरच्या मजल्यावरच राहायची. बाळाला अजून तीन आठवडे होते. चित्रं सगळी तयार होती. सुनेनं छत्री काढली होती, तिच्या नवऱ्यानं सायकल, आणि नानानं चार दिवस खपून, नाक पडद्याला लावून, एक चिमणी. ती चिमणी बघून भाची म्हणाली होती, "नाना, किटली छान जमलीय हं."

"चिमणी आहे ती!"

"मग तिला मूठ कशाला?"

"शेपूट आहे ते!" नाना त्यानंतर दोन दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला.

पाचशे ओळींचं पांघरूण. दोनशे बारा ओळी झाल्या होत्या. दोनशे बारावर कॉम्प्युटर बसला तो बसलाच.

खरं म्हणजे तो एकदम बसला नव्हता. गेल्या आठवड्यात एके दिवशी बटण दोनदा दाबावं लागलं. दोन दिवसांनी पाचदा. आत्याला वाटलं, वय झालं, चालायचंच. आपल्याला तरी आता एका हाकेत कुठं उठवतं?

* * *

गल्लीच्या टोकाला दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला माणूस पन्नाशीचा होता आणि सुताराच्या कानावर पेन्सिल असते तसा त्याच्या कानावर कायम पेचकस असे. म्हणून सगळे त्याला पेचकसच म्हणत. फक्त आत्या म्हणायची, भाऊ. निरोप मिळताच तो घरी आला.

"काय होतंय, आत्या?"

"काहीच होत नाही, भाऊ. तेच होतंय."

पेचकसनं कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आत बघून मान हलवली. बावीस वर्षांची लोकर आत साचली होती, निळी, पिवळी, गुलाबी. त्यानं चिमटीनं एक गोळा बाहेर काढला. "आत्या, दुरुस्त होवो न होवो, एक कानटोपी नक्की निघेल यातून."

आत्या हसली. तिला हसायला आवाज लागत नसे, नुसते खांदे हलत.

मग पेचकसनं सगळं रीतीप्रमाणे केलं. वायर बदलून पाहिली. आतल्या पट्ट्या काढून त्यांच्या पितळी कडा शाळेतल्या खोडरबरानं घासल्या. नाण्याएवढी बॅटरी नवी घातली. दर वेळी डबा उघडण्याआधी तो म्हणे, "बटण बंद करा," आणि नाना, जो या एका वाक्यासाठीच दारात उभा होता, तत्परतेनं बंद करी. डबा मिटला की बटण लावायचं, गोल बटण दाबायचं. पंखा अर्धी गिरकी घेई, की पुन्हा "बंद करा."

"माणूस समजूतदार आहे," नाना आत्याला म्हणाला. "बटणाची किंमत कळते त्याला."

मंगळवारी पेचकसनं डबा दुकानात नेला. दुपारी त्याचा फोन आला. "ऐका आत्या!" आणि फोनमधून तो ओळखीचा आवाज आला, एक लांब टुक् आणि पाठोपाठ पंख्याची घरघर. आत्यानं डोळे मिटून ऐकलं. दूरगावी गेलेल्या माणसानं "सुखरूप पोचलो" म्हणून कळवावं, तसं वाटलं तिला.

"पहिल्याच दाबाला!" पेचकस ओरडत होता. "बॅटरीच होती बहुतेक!"

बुधवारी त्यानं डबा परत आणला, सगळ्या वायरी जोडल्या आणि ऐटीत बटण दाबलं.

अर्धी गिरकी.

पुन्हा दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि गेला.

"तुमच्या दुकानात पाहुणचार बरा असेल," नाना म्हणाला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

"नाना, प्लग तपासू द्या जरा."

"आता तपासा. आता बंद आहे. धोका नाही."

पेचकसनं प्लग तपासला. वीज पुरती होती. स्वतःच्या दुकानातली लांब वायर आणून तिच्यावरून जोडून पाहिलं. फरक नाही. त्यानं कानावरचा पेचकस काढून दुसऱ्या कानावर ठेवला. तो खरा गोंधळला की असं करतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्याच संध्याकाळी वरच्या जावयाचा फोन आला. बाळाला धीर नव्हता. तीन आठवडे आधीच आलं होतं. मुलगी. दोघी खुशाल. घरी शनिवारी, अकराच्या सुमारास.

घरात एकच कल्ला झाला. नानानं आनंदाच्या भरात पुढच्या खोलीतले सगळे दिवे लावले. ते नंतर त्याच्या लक्षात आलं आणि मग तो एकेक करून घालवत फिरला. आत्याचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. मग ती मागच्या खोलीत गेली आणि सुयांवर लोंबणाऱ्या पांघरुणाकडे बघत राहिली.

सून तिच्यामागे आली. "आत्या, अडलंच तर बाजारातून एखादं छानसं..."

आत्यानं नुसतं वळून पाहिलं.

"बरं. मी काही बोललेच नाही असं समजा."

"अगं, रागावले नाही. पण नऊ जण आले घरात. दहावीनंच काय घोडं मारलंय?"

हातानं विणायचं तर तीन आठवडेही पुरले नसते. आणि सुयांवरून काढलं तर झालेल्या दोनशे बारा ओळी सुटायला वेळ लागला नसता.

* * *

गुरुवारी पेचकसनं डबा पुन्हा दुकानात नेला आणि आत्यालाही बरोबर नेलं, साक्षीला. दुकानात त्याच्या कामाच्या टेबलावर चार प्लग कायम चालूच असत. त्यानं डबा जोडून ठेवला. एक बाई रेडिओ घेऊन आल्या होत्या, त्यांच्याशी बोलला. आत्यासाठी चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला. मग त्यानं बटण दाबलं.

टुक्.

"बघितलंत? बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं हो, भाऊ."

"मला वेड लागलेलं नाही."

"तसं कुणी म्हणालं नाही." आत्या हळूच म्हणाली, "नानाखेरीज."

"यंत्रच इथं आणलं तर?" पेचकसनं विचारलं.

दोघांनी मान वळवून दुकानभर पाहिलं. घरी ते सहा फुटी यंत्र, टेबलाला बोल्टनं जखडलेलं, त्यावर दीडशे सुयांत अडकलेलं पांघरूण. पेचकसनं टेप काढून दुकान मोजलं. साडेपाच फूट भरलं.

संध्याकाळी डबा घरी आला आणि पुन्हा मुका झाला. पेचकस खोलीतच फरशीवर बसला. "तीस वर्षं झाली या धंद्याला. रुसणारी यंत्रं पाहिली, पण माहेरी बोलणारं आणि सासरी न बोलणारं नाही पाहिलं."

"उद्याचा दिवस आहे," आत्या म्हणाली.

"उद्या सकाळी लवकर येतो. माझ्याकडचं सगळं सामान घेऊन येतो. नाहीच झालं तर..."

त्या रात्री झोपायच्या आधी आत्याच्या ओठांवर कॉम्प्युटरचा विषय आला होता, पण तिनं तो देवापुढे काढला नाही. नाव घ्यायचं, मागायचं नाही, हा तिच्या नेमातलाच एक नेम होता. बावीस वर्षांपूर्वी यंत्र हप्त्यांनी आणलं, तेव्हासुद्धा तिनं मागितलं नव्हतं. आता बाळाच्या नावाखाली मागितलं तर ते मागणंच झालं. तिनं कूस बदलली आणि फक्त नाव घेत झोपली.

* * *

आत्या रोज सकाळी आंघोळ झाली की थोडा वेळ डोळे मिटून देवाचं नाव घेत बसे. बसल्याशिवाय कामाला हात लावत नसे. ताप असो, पाहुणे असोत, घराला रंग चाललेला असो, त्यात खंड नव्हता. आधी ती मागच्याच खोलीत बसे. खिडकी उघडायची, खोलीतली बटणं लावायची आणि मग कॉम्प्युटरसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसायचं. पण हल्ली त्या स्टुलावरून उठताना गुडघे कुरकुरत. म्हणून दोन आठवड्यांपूर्वी सुनेनं हौसेनं तिच्यासाठी हातांची, पाठीची, गादीची खुर्ची आणली आणि पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवली. आत्या तिथं बसू लागली. गुडघे तेवढे सुखावले.

शुक्रवारी सकाळी ती पुढच्या खोलीत आली तर खुर्ची दिसेनाच. सुनेनं पहाटेपासून बाळाची तयारी काढली होती. खुर्चीवर दुपट्यांचा ढीग, ढिगावर उशी, उशीवर टोपडी, आणि वर तोल सावरून ठेवलेलं अंगाचं तेल.

"आत्या, आत्ता मोकळी करते!"

"राहू दे गं. मी आत बसते."

मागच्या खोलीत पेचकस आधीच आलेला होता. त्यानं डबा जोडला होता, भिंतीवरचं बटण लावलं होतं आणि वीज मोजायच्या यंत्राच्या दोन तारा हातात घेऊन तो ध्यान लावून बसला होता. नाना घरात नव्हता. नात बघायला तो सकाळीच दवाखान्यात गेला होता.

"भाऊ," आत्या दारातून म्हणाली, "माझं बसायचं राहिलंय. तुम्हाला खोळंबा होईल, कळतंय मला. पण बसल्याशिवाय मी..."

"बसा आत्या, बसा. चार दिवस मी काही दिवे लावलेले नाहीत. तुमचं चालू द्या. मी चहा पितो."

आत्या स्टुलावर बसली. डोळे मिटले. पेचकस भिंतीला टेकून फरशीवर बसला. सुनेनं दोन्ही हातांनी धरून आणलेला चहा आवाज न करता त्याच्यापुढे ठेवला. खिडकीतून सावकाश ऊन आलं, आधी सुयांवर, मग गाडीवर, मग पांघरुणाच्या कडेवर. पेचकसनं चहा संपवला. आत्याच्या ओठांची हालचाल बघता बघता त्यालाही कधी नव्हे ते शांत वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा तो काहीच करत नव्हता.

बऱ्याच वेळानं आत्यानं डोळे उघडले. आणि बावीस वर्षांची सवय, डोळे उघडताक्षणी तिचा उजवा हात पुढे गेला आणि त्यानं गोल बटण दाबलं.

पंख्यानं अर्धी गिरकी घेतली. मग उरलेली अर्धी. मग तो घरघरायला लागला.

टुक्.

"हात लावू नका!" पेचकस ताडकन् उठला. कप लवंडला. "कुणी कशालाही हात लावू नका!"

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, एक ओळ, दोन ओळी, आणि शेवटी पांघरुणाची चौकट. कोपऱ्यात आकडा: दोनशे बारा.

सून धावत आली. एका हातात टोपडं. "काय झालं? काय केलंत?"

"तेच विचारतोय," पेचकस म्हणाला. "आत्या, आज वेगळं काय केलंत?"

"काही नाही हो. बसले फक्त."

"रोज बसता ना?"

"बसते की. पण पुढच्या खोलीत. ही खुर्ची आली तेव्हापासून."

"आणि त्याआधी?"

"इथं. या स्टुलावर."

"इथं बसण्याआधी भिंतीवरचं बटण लावत होतात?"

"बटणं लावून मगच बसायचे. मध्ये उठायला नको म्हणून."

पेचकसनं हाताची मागची बाजू डब्याच्या पाठीला लावली, आई मुलाचं कपाळ बघते तशी. मग तो हसायला लागला. आधी हळू, मग असा की त्याच्या कानावरचा पेचकस खाली पडला.

"कोमट आहे! अहो आत्या, कोमट आहे!"

मग त्यानं दोघींना समजावून सांगितलं. डब्याला वीज पुरवणाऱ्या भागात कपॅसिटर नावाची छोटी छोटी उभी डबडी असतात. ती म्हातारी झाली होती आणि गार पडली की त्यांच्या अंगात त्राण राहत नसे. भिंतीवरचं बटण लावलं की समोरचं गोल बटण दाबायच्या आधीसुद्धा थोडी वीज आत खेळत असते. वीसेक मिनिटं ती मिळाली की डबडी शेकून निघतात आणि मग उभी राहतात. दुकानात प्लग कायम चालू, बोलण्यात नि चहात वेळ जायचा, म्हणून तिथं डबा खुशीत. घरी बटण लावलं की लगेच दाबायचं, आणि नाही चाललं की लगेच बंद.

"म्हणजे किती वर्षं कोण जाणे, तुम्ही इथं नाव घेत बसायचात आणि हे महाराज समोर शेकत बसायचे. तुम्हाला कळायला वावच नव्हता."

सुनेनं कपाळाला हात लावला. "म्हणजे बंद मी पाडलं! खुर्ची आणून!"

"अगं नाही गं," आत्यानं तिचा हात धरला. "खुर्ची छान आहे. माझे गुडघे तुला रोज आशीर्वाद देतात."

"पण आत्या, तुमच्या नामानं चालू झाला हो कॉम्प्युटर!"

"छे छे." आत्या लाजली. "असलं काही बाहेर बोलू नको. देवाला एवढ्याशा कामाला कशाला लावायचं? ती डबडी आहेत, भाऊंनी सांगितलं ना." पण तिचे खांदे हलत होते.

"नवी डबडी घालू का?" पेचकसनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "नको. आज उघडायचं नाही. आज विणायचं."

* * *

आणि आत्यानं विणायला घेतलं.

गाडी डावीकडून उजवीकडे, टुक्, उजवीकडून डावीकडे, टुक्. दर दहा ओळींनी ती पेन्सिलनं कागदावर आकडा लिहून ठेवी. कॉम्प्युटरवर विश्वास होता, पण पेन्सिलवर जास्त. मधलं कोरं घर पांढरं शुभ्र उतरलं. त्याच्या शेजारी सायकल आली, पुढचं चाक जरा जास्तच गोल. मग छत्री. पेचकस दुकान उघडायला म्हणून तीनदा निघाला आणि तीनदा दारातून परत आला. "एवढी छत्री बघतो आणि जातो."

एक वाजता चारशे एकतीस ओळी झाल्या. शेवटच्या घरांची रांग चालू होती आणि नानाच्या चिमणीचे पाय नि अर्धं पोट उतरलं होतं. सुनेनं आत्याला बळेबळे उठवलं. "जेवा आणि तासभर पाठ टेका. उरलेल्या सत्तर ओळी पळून जात नाहीत."

"बटण चालू राहू दे हं."

"मी चिठ्ठीच लावते त्याच्यावर."

सुनेनं जेवण आवरून चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरात: नाना, या बटणाला हात लावू नका. मग ती डिंक शोधायला लागली. डिंक बाळाच्या सामानाखाली कुठंतरी गेला होता. तो सापडेपर्यंत बराच वेळ गेला, आणि मध्यंतरी नाना दवाखान्यातून परत आला होता.

तो नेहमीच्या वाटेनं घरभर फिरला. मागच्या खोलीत माणूस नाही आणि पंखा घरघरतोय. त्यानं कर्तव्य केलं.

आत्या उठून आली तेव्हा पडदा काळा होता. सून चिठ्ठी आणि डिंक घेऊन दारात उभी. आत नाना स्टुलावर बसून समाधानानं कपाळाचा घाम पुसत होता. "तासाभरापूर्वी बंद केलं. कुणाचं लक्षच नसतं या घरात."

सुनेनं चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

त्यानं ती दोनदा वाचली. मग सगळा प्रकार ऐकला, कपॅसिटर, कोमट, वीस मिनिटं. मग यंत्राकडे पाहिलं. सुयांवर त्याची चिमणी पोटाच्या मध्यावर थांबली होती. अशी अर्धी तर ती खरंच किटलीसारखी दिसत होती, आणि तीही झाकण नसलेली.

"धाकटे," तो आत्याला म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "गेली का गं ती?"

"नाही रे. कुठं जाते? आकडा लिहिलाय मी." आत्यानं कागद दाखवला. "बटण लाव आणि बस."

"मी?"

"मग कोण? तूच बंद केलंस."

नानानं बटण लावलं. चालू करण्यासाठी त्या बटणाला त्याचा हात बहुधा पहिल्यांदाच लागला असेल. मग तो बटणाखालीच स्टूल ओढून पहारेकऱ्यासारखा बसला. आत्या सुनेनं आणून ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले.

"किती झाली?" नानानं विचारलं.

"दोन मिनिटं," सून दारातून म्हणाली.

"बरं."

थोड्या वेळानं, "आता?"

"चार. नाना, बोलायचं नसतं."

"मी कुठं बोलतोय?" तो गप्प झाला. मग डोळे न उघडणाऱ्या बहिणीकडे वाकून कुजबुजला, "बाळाचं नाक माझ्यावर गेलंय. बाकी सगळी आईवर."

आत्याचे ओठ नाव घेता घेता हसले.

त्यानंतर मात्र नाना खरोखर गप्प बसला. चालू बटणाखाली, काही न करता, वीस मिनिटं. सून दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. सासऱ्यांना असं बसलेलं तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"झाली," ती म्हणाली.

आत्यानं डोळे उघडले, पण हात पुढे केला नाही. "तू दाब, नाना."

त्यानं एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. दाबलं.

टुक्.

"आहे!" तो ओरडला. "आहे, आहे! चारशे एकतीस!"

साडेपाचला पाचशेवी ओळ झाली. आत्यानं एकेक टाका सुईवरून उतरवून बंद केला आणि पांघरूण टेबलावर पसरलं. चौदा चित्रं आणि मध्ये एक कोरं घर. मग दुकानातून परत आलेला पेचकस, सून आणि आत्या, तिघंही काही न ठरवता नानाकडे बघायला लागले.

"कर बंद," आत्या म्हणाली.

नाना भिंतीपाशी गेला. साडेपाचपर्यंत त्या चालू बटणावर पहारा दिलेल्या माणसानं ते किती हळुवार बंद केलं असेल! पंखा घरघरत घरघरत थांबला.

* * *

शनिवारी अकराला भाची दारात आली. आत्यानं पांघरूण उलगडलं आणि बाळाला त्यात गुंडाळलं. बाळ शिंकलं. जणू आपणच शिंकलो, तसा पेचकसनं घाबरून स्वतःच्या तोंडावर हात धरला. तो खिशात नवी डबडी घेऊन आला होता.

"भाऊ, ते सोमवारी," आत्या म्हणाली. "आज बाळ आहे."

"सोमवारपासून मग वीस मिनिटं थांबायला नको. दाबलं की चालू."

नाना पांघरुणाचा कोपरा सारखा करत होता, चिमणी वर दिसेल असा. "म्हणजे बसायचं नाही आता सकाळी?" त्यानं विचारलं.

"कॉम्प्युटरला लागणार नाही," आत्या म्हणाली. "मला लागतं."

"मग मी स्टुलावर बसेन. खुर्ची तुझी."

भाचीनं पांघरूण निरखलं, सायकल, छत्री, आणि मग तिची नजर कोपऱ्यावर आली. नानानं श्वास रोखला.

"अगंबाई," ती म्हणाली. "चिमणी!"